दोनशे चौदा नंबरचं झाड

सतरा फेब्रुवारी, सकाळचे सव्वानऊ. उत्तर कंबोडियातलं स्रे लोंग हे कुई लोकांचं गाव. त्याच्या पूर्वेला ओढा ओलांडून पायवाटेने दीड तास. हवा कोरडी, वारा नाही. तीन माणसं, मशीनची एक करवत, पेट्रोलचा एक कॅन. अकरा मिनिटांत काम संपलं.

मी गर्जनाचं झाड बोलतोय. म्हणजे माझं जे काही उरलंय ते बोलतंय. जमिनीपासून माणसाच्या छातीपर्यंतचा बुंधा, बस्स. वरचं चाळीस-पंचेचाळीस मीटरचं अंग तुकडे करून ट्रकवर चढवलं. त्याची दारं झाली, की प्लायवूड झालं, की ते कुठल्या बंदरावर पडून आहे, हे मला कोणी कळवलेलं नाही. ज्या बाईला कळवायला हवं होतं तिलाही नाही.

जे घडलं ते मी क्रमाने सांगणार आहे. ज्यांनी पाहिलं त्यांतले काही बोलत नाहीत, काही खोटं बोलतात. मला आता गप्प बसून वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही.

माझा जन्म दोन पंखांवर झाला. आमचं फळ सुपारीएवढं असतं आणि त्याला वीतभर लांबीचे दोन पंख असतात. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात ते भिंगरीसारखं गरगरत खाली येतं. मी आईपासून तीस पावलांवर पडलो. तेव्हा स्रे लोंग गाव नव्हतं. मग कितीतरी वर्षं मी गुडघाभर उंचीचा, दाट सावलीत, तसाच उभा राहिलो. आमच्यात वाट पाहणं हेच बालपण. शेजारचा एक म्हातारा वादळात कोसळला, वर आभाळाचा तुकडा उघडा पडला, आणि मी त्या तुकड्याकडे जी धाव घेतली ती शंभर वर्षं थांबली नाही.

आम्ही असे वाढतो: जमिनीपासून पंचवीस मीटर एकही फांदी नाही. अंग सरळसोट, साल फिकट राखाडी. साऱ्या जंगलाच्या डोक्यावर आमचं डोकं. माझ्या माथ्यावर धनेश बसायचे तेव्हा खालच्या माणसाला फक्त पंखांची फडफड ऐकू यायची. मधमाश्यांनी दरवर्षी पोळी लावली. माझ्या सावलीत वेत वाढला, आल्याच्या जातीची रोपं वाढली, माझीच शेकडो पिल्लं वाट पाहत उभी राहिली. लोक आमच्या उंचीचं कौतुक करतात. मला विचाराल तर त्या सरळ अंगानेच आमचा घात केला. ट्रकच्या मापात इतकं नेमकं बसणारं झाड दुसरं नाही.

पण करवतीच्या आधी माझ्याकडे माणूस आला तो चाकू घेऊन, आणि त्याची माझी कधी तक्रार झाली नाही.

त्याचं नाव कोएन. त्याने माझ्या अंगात, गुडघ्याच्या वर, एक खोबण कोरली. भिंतीत दिवा ठेवायला देवळी असते तशी. आत उतरती, तळाशी वाटीसारखी खोल. मग त्यात मूठभर वाळलेलं गवत पेटवलं, थोड्या वेळाने हिरव्या डहाळीने झोडपून विझवलं आणि निघून गेला. सात दिवसांनी परत आला तेव्हा वाटी भरली होती. आम्हाला भाजलं की आम्ही राळ सोडतो. दाट, मधासारखी, पण वास कडू-गोड आणि हाताला लागली की दोन दिवस जात नाही.

त्या राळेत कुजकं लाकूड भिजवून, ताडाच्या पानात गुंडाळून गावाने चुडी केल्या. कित्येक पिढ्या स्रे लोंगचा उजेड माझ्यासारख्यांनीच पुरवला. उरलेली राळ बैलगाडीने सरोवराकडे जायची. तिथल्या होड्यांच्या फळ्यांमधल्या सांधी तिनेच बुजतात. व्यापारी तिच्या बदल्यात मीठ आणि आंबवलेल्या माशांचे रांजण ठेवून जायचा. मी सरोवर पाहिलेलं नाही. पण तिथल्या कित्येक होड्यांमध्ये पाणी शिरलं नाही ते माझ्यामुळे, हे मला कोएनने सांगितलं होतं. तो माझ्याशी बोलायचा. सगळेच बोलतात. झाडाशी बोलणारा माणूस वेडा असतो असं त्या गावात कोणाला वाटत नाही.

कोएन डावखुरा होता. त्यामुळे त्याच्या खोबणीचा ओठ डाव्या बाजूला जरा खाली उतरलेला असायचा. पुढे त्याचा मुलगा त्राय उजव्या हाताचा निघाला, तरी त्याने ओठ डावीकडेच उतरता ठेवला. जंगलात दोनशेवर राळेची झाडं, पण कुठलं कुणाचं हे गावातल्या आंधळ्यानेही ओठावरून बोट फिरवून सांगितलं असतं. ज्याने पहिली खोबण कोरली, झाड त्याचं. पुढे त्याच्या लेकरांचं. दुसऱ्याच्या खोबणीत कोणी पळी बुडवत नाही. याला कधी कागद लागला नाही.

आणि एक रीत होती. ती नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन अडतं.

आमच्या जंगलाचा एक धनी आहे. तो दिसत नाही. गाव त्याला नुसतं 'आजोबा' म्हणतं. जंगलात, झाडाखाली उभं राहून 'हे माझं' असं कधी म्हणायचं नाही. कोणी विचारलं तर 'आजोबांचं' म्हणायचं. घरी, चुलीपाशी बसून खुशाल म्हणा की माझी अकरा झाडं आहेत. पण इथे नाही. इथे म्हटलंत, की आजोबा ऐकतात, 'तुझं ना? मग तूच सांभाळ' म्हणतात आणि पाठ फिरवतात. पोरांना चालायला यायच्या आधी हे शिकवलेलं असतं.

मग देशातली राजवट बदलली आणि ती चार वर्षं आली. बंदूकवाल्यांनी गावच्या गाव हाकलून भातशेतीच्या छावण्यांमध्ये नेलं. माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. जखम उघडी ठेवायला कोणी नसलं की आम्ही ती बुजवतो. माझ्या खोबणीचा ओठ दोन बोटं आत आला. मला वाटलं, संपलं.

एका सकाळी त्राय आला. गेला तेव्हा कोवळा होता, आला तेव्हा त्याच्या गुडघ्याची वाटी मांडीपेक्षा मोठी दिसत होती. एकटाच आला. कोएन आला नाही. त्रायने ओठावरून बोट फिरवलं, डावा उतार सापडला, आणि तो तिथेच बसला. मग त्याने बुजलेला भाग कोरून काढला, गवत पेटवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराने असेल.

त्याची मुलगी चान्नी. ती नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा माझ्यापाशी आली.

"बाबा, याला भाजतं का?"

"भाजत असेल की."

"मग आपण कशाला जाळतो?"

"थोडं जाळतो आणि लगेच विझवतो. विडी पेटवायला लागते तेवढाच वेळ. हावरा माणूस जास्त जाळतो, मग झाड आतून पोकळ होतं आणि पडतं. मग बस बोंबलत."

चान्नीने त्या दिवशी डहाळीने असं काही झोडपलं की अर्ध्या ठिणग्या तिच्याच केसांत गेल्या. त्राय इतका हसला की त्याला उचकी लागली. ती चार वर्षं संपल्यानंतर त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ती मोठी झाली, लग्न झालं, मुलगी झाली. नवरा थायलंडला बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला. त्राय थकला. शेवटच्या वेळी तो तिच्या खांद्याचा आधार घेत आला, अकराही झाडांपाशी बसत बसत. माझ्यापाशी आल्यावर त्याने आपली करवंटीची पळी कमरेतून काढली आणि तिच्या कमरेला खोचली.  'आता हे तुझं' असं इथे म्हणायचं नसतं. पावसाळ्यापूर्वी तो गेला. त्याच्या चितेला पहिली आग लागली ती माझ्या राळेच्या चुडीने.

त्यानंतर दर सातव्या दिवशी चान्नी. पाठीवर वेताची टोपली, तीत वीस लिटरचा कॅन, डोक्याला चौकड्यांचा गमछा. बरोबर बहुतेक वेळा मुय आजी असायची. आजीची झाडं पलीकडच्या उतारावर, वय सत्तरीचं, तोंडात कायम विडा, आणि जीभ चाकूपेक्षा धारेची.

चान्नीला सवय होती, काम झालं की मला क्षणभर कवेत घ्यायची. कवेत कसला मावतोय मी. पोस्टाच्या पाकिटाला तिकीट चिकटवावं तशी दिसायची.

"अगं, झाडाला मिठ्या मारतेस," आजी म्हणायची, "नवऱ्याला मारल्या असत्यास तर टिकला असता."

"नवरा इतका सरळ कुठे होता, आजी?"

"तेही खरंच. आणि याला काही खायला घालावं लागत नाही. उलट हाच तुला घालतो."

हे मात्र थट्टेतलं नव्हतं. चान्नीची मुलगी कोलाप तालुक्याच्या गावी शिकत होती, शिक्षिका व्हायचं म्हणून. तिची वही, खोली, सायकल, सगळं आम्हा अकरा जणांच्या खोबण्यांतून जात होतं.

आता डिसेंबर. तोडीच्या दोन महिने आधी.

जंगलाचा पूर्वेकडचा भाग रबराच्या लागवडीसाठी एका कंपनीला दिला, असं गावात कळलं. कधी दिला, कोणी दिला, गावाला विचारलं का, हे प्रश्न त्या सभेत मुय आजीने विचारले आणि तिला बसायला सांगण्यात आलं. मग सरकारी कचेरीतला सारून नावाचा कारकून उभा राहिला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला अगदी गोड. तो म्हणाला, "घाबरू नका. ज्या झाडातून लोक राळ काढतात ते तोडायचं नाही असा या देशाचा कायदाच आहे. म्हणून तर मी आलोय. तुमच्या झाडांची यादी करू, नंबर घालू. मग हात लावायची कोणाची हिंमत नाही."

कायद्याचं त्याने खरं सांगितलं. तो कायदा आहे. लोक खूश झाले. बायांनी त्याला उकडलेली रताळी खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्यापाशी आला. हातात पाटी, पाटीला फॉर्मची चळत. वाट दाखवायला तेअप, चान्नीचा थोरला चुलतभाऊ. त्याच्या हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश. कंपनीने त्याला महिन्याच्या पगारावर ठेवलं होतं. मागून चान्नी आणि मुय आजी.

तेअपने खोबणीच्या वर, वीतभर अंतरावर, २१४ असा नंबर काढला. सारून खाली वाकला. खोबणीत पाहिलं. बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

"अरे वा! आमच्या घरच्या पलंगाला हाच वास आहे की."

"अहो साहेब, पान घ्या पुसायला," आजी म्हणाली. "जायची नाही ती सहज."

तोवर त्याने त्याच हाताने फॉर्म पुढे ओढला होता.

"हं. हे झाड कुणाचं?"

चान्नीने गमछा सारखा केला. "आजोबांचं."

"नाव सांगा आजोबांचं."

"नाव नाही घेत."

"नाव नाही घेत? मग लिहू काय मी?"

"आजोबा लिहा."

"हयात आहेत का?"

चान्नीने खरोखर विचार केला. "ते मरत नाहीत."

"मरतील कसे," मागून आजी, "जन्मलेच कुठायत ते!" आणि ती खदखदून हसली. सारूनही हसला. हसणं वाईट नव्हतं त्याचं.

"म्हणजे तुमचं नाही."

"असं इथे बोलत नाहीत, साहेब."

"बाई, मी इथेच विचारतोय ना? आज मला अजून साठ झाडं करायचीत. तुमचं आहे की नाही, एका शब्दात सांगा."

चान्नीने तेअपकडे पाहिलं. तेअप त्याच गावात, त्याच राळेच्या उजेडात वाढलेला. त्याने इतकंच म्हणायचं होतं, 'साहेब, हे गावात गेल्यावर विचारा.' एक वाक्य. तो काडीने डब्यातला रंग ढवळत राहिला.

"नाही," चान्नी म्हणाली. "माझं कसं असेल?"

सारूनने फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मला वाचता येत नाही, चान्नीलाही नाही. उरलेल्या दहा झाडांखाली तेच विचारलं गेलं आणि तिने तेच उत्तर दिलं. शेवटी तिने अंगठा उठवला. घरी परतताना ती आजीला म्हणत होती, "बरं झालं बाई, आता नंबर लागला." मला ऐकू आलं. मलाही तसंच वाटलं होतं.

आता त्या सकाळचं सांगतो. सव्वानऊचं.

करवत धरणारा माणूस परमुलखातला होता. माझ्यापाशी आला आणि थबकला.

"उस्ताद, याला तर खोबण आहे. ओली आहे अजून."

"नंबर आहे?"

"आहे. दोनशे चौदा."

"यादीत आहे?"

तिसऱ्याने कागद पाहिला. "आहे."

"मग काप की. खोबणीच्या वरून घे, खालचं लाकूड जळकं असतं."

म्हणून मी इतका उरलो. त्यांनी माझ्यावर दया केली नाही, जळकं लाकूड नको होतं त्यांना.

पडण्याबद्दल मी फारसं सांगणार नाही. माझ्या माथ्यावर त्या वर्षीची फळं धरली होती. पंख अजून हिरवे होते. एप्रिलपर्यंत थांबले असते तर ती भिंगऱ्या होऊन उडाली असती. ती सगळी माझ्याबरोबर एकाच जागी आदळली. माझ्या सावलीत वाट पाहणारी माझी पिल्लं माझ्याच अंगाखाली चिरडली.

तो चान्नीचा सातवा दिवस होता. तिला ओढ्यापाशी आवाज ऐकू आला आणि ती धावत सुटली. पोचली तेव्हा मी आडवा होतो आणि ती माणसं पुढच्या नंबरकडे गेली होती.  पाठीवरची टोपली तशीच ठेवून ती गुडघ्यावर बसली, पळी काढली, आणि खोबणीत साठलेली राळ कॅनमध्ये भरू लागली. शेवटचा थेंब निघेपर्यंत भरली. मग ओठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चुकलं माझं."

तिच्या अकरापैकी नऊ गेली. गावाची मिळून त्रेसष्ट.

माझा खरा राग इथून सुरू होतो. करवतीवर मी काय रागावू? तिला डोळे नसतात.

गावकरी तक्रार घेऊन गेले तेव्हा कंपनीच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "आमच्या यादीत ही झाडं बेवारस आहेत. तुमच्याच बाईने सांगितलंय, माझं नाही म्हणून. अंगठा आहे तिचा." आणि तेअप चहाच्या दुकानात म्हणाला, "खरंय ते. माझ्यासमोर म्हणाली."

मुय आजीने तिथल्या तिथे त्याला धरलं. "तू डबा धरून उभा होतास ना रे? मग तुझ्या तोंडात काय, रंग भरला होता?"

"मला कोणी विचारलं का, आजी?"

"तुझ्या आईला मी बाळंतपणात विचारून पाणी पाजलं होतं का रे?"

लोक हसले. पण हसणं विरलं आणि चान्नीच्या अंगावर ते एकच वाक्य उरलं. आपल्याच बाईने सांगितलं. काही जण तर म्हणू लागले की तिने आजोबांना नाकारलं, म्हणून आजोबांनी झाडं देऊन टाकली. रीत जशीच्या तशी पाळणारीवरच रीत मोडल्याचा आळ.

ती एक कोंबडी आणि तांदळाच्या दारूची बाटली घेऊन माझ्या बुंध्यापाशी आली. नैवेद्य ठेवला, उदबत्ती लावली.

"आजोबा, तुम्हीच सांगितलंत ना, माझं म्हणायचं नाही? मी नाही म्हटलं. मग पाठ का फिरवलीत?"

 मी बोलू शकलो असतो तर सांगितलं असतं: पोरी, तू उत्तर बरोबर दिलंस, प्रश्न चुकीचा होता. कायदा मालक कोण हे विचारतच नाही. कायदा विचारतो, या झाडातून माणसं राळ काढतात का. आणि त्याचं उत्तर तुझ्या गुडघ्यासमोर होतं, पन्नासहून अधिक वर्षांच्या काजळीने काळं झालेलं, ओलं. त्याला अंगठा लागत नाही.

पण ती मनाला लावून बसली. कोलापला घरी बोलावून घ्यावं लागलं. आता ती राजधानीत कपड्यांच्या कारखान्यात शिवते. जाण्याआधी ती आईबरोबर इथे आली होती. चान्नी तिलाही म्हणाली, "माझ्या एका शब्दाने तुझी शाळा गेली." पोरीने तिचे हात धरले, पण तीही 'नाही' म्हणाली नाही.

सप्टेंबरात चौकशी आली. गावातल्या चाळीस अंगठ्यांचा अर्ज, त्याला सात महिन्यांनी आलेलं फळ. प्रांताच्या कचेरीतून एक अधिकारी आला, वयस्क, रेनकोट घातलेला, पायांना जळवा लागल्याने वैतागलेला. बरोबर मूळ कागदांची फाईल. तेअपच वाट दाखवायला. चान्नी, मुय आजी, आणि गावातले पंधरा-वीस जण.

अधिकाऱ्याने माझ्याच बुंध्यावर फाईल ठेवली, कापलेल्या भागावर. टेबलासारखा उपयोग झाला.

"क्रमांक दोनशे चौदा. मालक: नाही. बाई, हे तुम्हीच सांगितलंत?"

 चान्नीने वर पाहिलं, जिथे मी असायचो तिथे. तिथे आता नुसतं आभाळ होतं. मग तिने दोन्ही हात माझ्यावर टेकले आणि सगळ्या गावासमोर, जंगलात उभं राहून म्हणाली,

"माझं होतं. माझ्या बापाचं, त्याच्या बापाचं. माझं."

 मुय आजीने चघळणं थांबवलं. त्या गावातल्या माणसाने हे वाक्य जंगलात उच्चारल्याचं मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ऐकलं ते झाड नसताना.

अधिकारी म्हणाला, "हे तेव्हा सांगायला हवं होतं."

"तेव्हा झाड उभं होतं," आजी म्हणाली. "उभ्या झाडाखाली 'माझं' नाही म्हणत आम्ही. हे त्या पोराला माहीत होतं." तिने तेअपकडे बोट केलं. तेअप जळू काढायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"बरं, बरं. पुढे." अधिकाऱ्याने बोट खालच्या रकान्यावर नेलं. "राळेची खोबण: नाही."

"काय?" चान्नी म्हणाली.

"खोबण नाही, असं लिहिलंय. राळ काढत असल्याची खूण आढळली नाही. म्हणून तोडीला मंजुरी."

लोक खाली पाहू लागले. अधिकाऱ्यानेही पाहिलं. खोबण त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर होती. त्यात लहान मूल बसलं असतं. तिच्या वर, वीतभर अंतरावर, २१४.

"नंतर कोरली असेल," अधिकारी म्हणाला. पण आवाजात दम नव्हता.

चान्नी पुढे झाली. तिला वाचता येत नाही, हे मी सांगितलंच आहे. पण ती कागदाकडे पाहतच राहिली. मग तिने बोट ठेवलं. उजव्या कोपऱ्यात, त्या रकान्याच्या बाजूला, पिवळट तपकिरी डाग होता. कागद तिथे तेलकट होऊन पारदर्शक झाला होता, बोटाच्या पेराच्या आकाराचा.

"हे काय आहे, साहेब?"

"डाग आहे. चहाबिहा सांडला असेल."

चान्नी वाकली आणि तिने कागदाचा वास घेतला. नऊ वर्षांची असल्यापासून तिने दुसरं काय केलं आहे? तिने कागद मुय आजीकडे सरकवला. आजीने वास घेतला, मागच्याला दिला. अधिकारी "अहो, सरकारी कागद आहे" म्हणेपर्यंत तो चार नाकांखालून फिरला होता.

"राळ आहे," चान्नी म्हणाली.  "त्यांनी बोट घातलं होतं आत. मी इथे उभी होते. खोबण नव्हती, तर ही कुठून आली?"

अधिकाऱ्याने कागद घेतला. नाकापाशी न्यायचं त्याने टाळलं. फाईल बंद केली, दोरी बांधली, आणि पाऊस वाढतोय, निघायला हवं, असं म्हणाला.

चान्नीची दोन झाडं ओढ्याच्या अलीकडे आहेत. ती दर सातव्या दिवशी त्यांच्याकडे जाते आणि परतताना माझ्याकडे येते. माझी खोबण आता ती पेटवत नाही. काठाशी थोडी राळ अजून झिरपते, ती बोटाने पुसून घेते, हुंगते. 'चुकलं माझं' म्हणायचं तिने सोडलं आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी गुळगुळीत, तांबूस, सरळ दाण्याचं दार असेल, तर एकदा त्याला नाक लावून पाहा. मी असेन तर मला निरोप द्यायची गरज नाही. तिला द्या.

सारूनची बदली झाली. कुठे, ते कचेरी सांगत नाही. तेअप म्हणतो, मी फक्त रंग लावला. कंपनी म्हणते, यादी कचेरीची. कचेरी म्हणते, फॉर्म कंपनीच्या खर्चाने भरले गेले. 'खोबण: नाही' हे शब्द माझ्या सावलीत लिहिले की नंतर कुठल्या टेबलावर, आणि कोणाच्या हाताने, हे कोणालाच माहीत नाही.

चौकशीला चौदा महिने झाले. तो कागद प्रांताच्या कचेरीत, फाईलमध्ये आहे. त्याच्यावर खोबण नाही आणि राळ आहे. ती तिथे कशी आली, हे चान्नीने विचारलं होतं. उत्तर आलेलं नाही.